क्रेप मर्टल: ‘नॅचेझ’ लावावा की ‘अकोमा’?

क्रेप मर्टल हा ताम्हणाचा जवळचा नातलग. त्याच्या चुणीदार पाकळ्यांचे झुबके पाहून बहुतेकजण रंगावरूनच रोप निवडतात. पण आधी उंची ठरवायला हवी. ‘नॅचेझ’ आणि ‘अकोमा’ शेजारी ठेवून पाहिले की हे पटते. दोन्ही पांढऱ्या फुलांचे, दोन्ही अमेरिकेच्या नॅशनल आर्बोरेटम या वृक्षोद्यानात डोनाल्ड एगोल्फ यांनी तयार केलेले संकरित वाण. पहिला १९७८चा, दुसरा १९८६चा.

नॅचेझ हे खरेखुरे झाड आहे. सहा मीटर सहज गाठते, कधी नऊसुद्धा. जुनी साल सोलून निघाली की खाली दालचिनी रंगाचे गुळगुळीत खोड दिसते. फुले नसतानाही बघत राहावे असे! अकोमा साधारण तीन मीटरचा, तितकाच पसरणारा, फांद्या खाली झुकलेल्या. कुंपणालगत शोभतो. खिडकीखाली मात्र तोही नको. तिथे मीटरभर उंचीचे बुटके वाण घ्यावेत.

छाटून लहान ठेवू, हा विचार मनातून काढा. दरवर्षी शेंडे उडवले की तिथे गाठी येतात, लांबलचक नाजूक धुमारे फुटतात आणि फुलांच्या भाराने लवतात. फुले नव्या फुटीवर येतात, म्हणून हिवाळा सरताना हलकी छाटणी करावी: वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या आणि बुडाशी आलेले फुटवे काढले की पुरे.

दोघांतही लॅगरस्ट्रोमिया फॉरिएई या जपानी जातीचा अंश आहे. त्यामुळे लॅगरस्ट्रोमिया इंडिका या नेहमीच्या क्रेप मर्टलच्या जुन्या वाणांना सतावणारी भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, यांच्यावर कमी पडते. मावा ही रस शोषणारी कीड मात्र दोघांवरही येते. तिच्या चिकट स्रावावर काळी बुरशी वाढते. बुरशीनाशक मारण्यापेक्षा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने मावाच धुऊन काढा. नत्राचा मारा केलात तर कोवळी पालवी माजते, मावा वाढतो, फुले घटतात. ऊन दोघांनाही किमान सहा तास हवे.

जागा मोकळी असेल तर मी नॅचेझच लावीन, भिंतीपासून तीन-चार मीटर सोडून. सुरुवातीला तीन ते पाच दमदार खोडे राखायची आणि झाड वाढेल तशा खालच्या आडव्या फांद्या हळूहळू काढायच्या, म्हणजे ती साल झाकली जात नाही.