खाली उरलेलं ग्लिसरीन कुठं जिरवायचं? साबण, गोबरगॅस की खत

वडा-भजीच्या जळक्या तेलाचं घरी बायोडिझेल करू बघणारे तेलात मिथेनॉल किती, कॉस्टिक किती घालायचं, एवढंच विचारतात. पण 100 लिटर तेलामागं साधारण 20 लिटर ग्लिसरीन तळाला बसतं, काकवीसारखं दाट आणि काळपट. ते कुठं जाणार हे आधी ठरवा, कारण कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड) घ्यायचा की पोटॅश (खताचं नव्हे, कॉस्टिक पोटॅश म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड) हे त्यावरच ठरतं.

त्या ग्लिसरीनमध्ये मिथेनॉल शिल्लक असतं. ते पोटात गेलं तर डोळे जातात, आणि पेटलं तर उन्हात ज्योतही दिसत नाही. त्यामुळं कुठलाही मार्ग धरा, मिथेनॉल आधी काढायलाच हवं. घराबाहेर, बंद भांड्यात, विजेच्या हीटरवर, वाफ थंड करून परत धरायची. स्वयंपाकघरात हे काम कधीच नको.

साबणाला कॉस्टिक सोडा बरा, वडी घट्ट होते. माझं सोड्याचं ग्लिसरीन थंडीत कॅनमध्येच गोठलं होतं, कोमट पाण्यात ठेवून काढावं लागलं. पोटॅशचं पातळच राहतं. वर्कशॉपमधल्या ग्रीसच्या हातांना हा साबण छान, अंगाला नको. पण 20 लिटरचा साबण एका घराला संपत नाही.

गावाकडं गोबरगॅस असेल तर माझा कौल तिकडंच. 2 घनमीटरच्या प्लँटला रोज 50 किलो शेण आणि तेवढंच पाणी जातं. त्यात अर्ध्या लिटरपासून सुरुवात करून लिटरभरापर्यंत जा, गॅस वाढलेला जाणवतो. घाई केलीत तर प्लँट आंबतो. इथं मात्र पोटॅशच हवं. सोडियम स्लरीतून रानात जातं, आणि क्षारपड जमीन म्हणजे काय हे शिरोळच्या शेतकऱ्याला सांगायला नको. पोटॅश उसाला उपयोगीच पडतं.

खताच्या ढिगालाही पोटॅशचंच, थोडं थोडं. नुसत्या पाचटावर ओतू नका. पाचटात कार्बन आधीच भरपूर, त्यात ग्लिसरीन म्हणजे आणखी कार्बन. शेण भरपूर मिसळलं तरच ढीग तापतो.

गुऱ्हाळाच्या चुलवणात ओतायचा मोह होईल, तो आवरा. अर्धवट जळालेल्या ग्लिसरीनमधून ॲक्रोलीन नावाचा विषारी धूर निघतो, डोळे-घसा झोंबतो.

राहिलं बायोडिझेल धुतल्यावर उरणारं पाणी, ताकासारखं पांढरं. व्हिनेगर घालून त्याचा अल्कलीपणा मोडतो, पण आतलं साबण-तेल तसंच राहतं आणि पाण्यातला ऑक्सिजन खातं. गटारीतून कोल्हापूरच्या जयंती नाल्यात, तिथून पंचगंगेत, हा रस्ता मला मान्य नाही. शहरात राहत असाल तर पाण्याऐवजी लाकडाच्या भुशातून बायोडिझेल गाळा. पोटॅश वापरलं असेल तर तो भुसा, मिथेनॉल उडून गेल्यावर, शेणासोबत खतात जातो.

राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये राहता, ना अंगण ना गोठा? मग बायोडिझेल करूच नका. तेल गाळून कॅनमध्ये साठवा आणि वापरलेलं तेल घेणाऱ्या अधिकृत संकलकाला द्या.