नुसतं व्हिटॅमिन डी३ की व्हिटॅमिन डी३-के२ एकत्र?
मावशी, तुझा गोंधळ रास्त आहे. डॉक्टरांनी डी३ लिहिलंय, दुकानदार डी३-के२ची जोडगोळी पुढे करतोय.

डी३मुळे आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जातं. कमतरतेत बहुधा आठवड्याला ६०,००० युनिटची एक कॅप्सूल देतात; ती जेवणानंतर घे, कारण डी३ स्निग्धात विरघळतं. खर्चही बेताचा.

के२ हाडातल्या ऑस्टिओकॅल्सिन या प्रथिनाला कामाला लावतं, पण त्याने फ्रॅक्चर टळतात याचा पुरावा अजून कच्चा आहे, आणि गोळी महाग. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर के२ परस्पर मुळीच घेऊ नये. त्या गोळीचा परिणाम कमी होतो.

रक्ततपासणीत फक्त डी कमी आलंय, त्यांना डी३ पुरे. हाडं ठिसूळ झालीत आणि डॉक्टरांनी स्वतः सुचवलं, तरच जोडगोळी.