पीबीटी-पेट मिश्रणाचा दाणा: बॉडीला झकास, बॉबिनला जपून

रिलेच्या (कॉइलने चालणारा स्विच) बॉडीसाठी आम्ही ३० टक्के काचतंतूंचं साधं पीबीटी (पॉलिएस्टर जातीचं प्लास्टिक) वापरायचो. भाग वाकायचा, वर काचेचे तंतू पांढुरके दिसायचे. म्हणून पेट (पाण्याच्या बाटल्यांचं पॉलिएस्टर) मिसळलेला दाणा घेतला. फिनिशिंगबद्दल तक्रार नाही. चकाकी आहे, वाकही कमी झाला.

मिश्रण खरंच एकजीव आहे का, हे आधी तपासलं. डीएससीवर (नमुना तापताना किती उष्णता शोषतो ते मोजणारं यंत्र) वितळण्याची शिखरं दोन आली, २२५ आणि २५० अंशांच्या आसपास. त्यात वावगं काही नाही, दोघांचे स्फटिक वेगवेगळेच बनतात. बघायचा असतो तो टीजी, म्हणजे न वितळता माल मऊ पडू लागतो ते तापमान; मिश्रण एकजीव असेल तर तो एकच येतो. एक तर माल अर्धस्फटिकी, त्यात काच, त्यामुळे डीएससीवर टीजीची पायरी जेमतेम दिसते. डीएमएवर (तापवत हलवून कडकपणा मोजणारं यंत्र) मात्र ७० च्या जरा पुढे एकच स्वच्छ उंचवटा मिळाला. दोन असते तर दाणा परत पाठवला असता.

माझा आक्षेप डेटाशीटवर आहे. विजेचे सगळे आकडे २३ अंशांचे! बॉबिनवर (तारेची रीळ) गुंडाळलेली कॉइल सतत चालू असली की आत ८०-९० अंश सहज होतात, म्हणजे माल टीजी ओलांडून बसलेला. रेणूंच्या साखळ्या सैल झाल्या की आत उरलेले आयन हलायला मोकळे होतात आणि रोध झपाट्याने उतरतो. नमुना ओव्हनमध्ये ठेवून ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं मीटर) लावला. गार असताना काटा अनंतावर चिकटलेला. शंभरीकडे जाताना चक्क रीडिंग द्यायला लागला. एलसीआर मीटरवर १ किलोहर्ट्झच्या एसीला लॉसही (मालात वाया जाणारी वीज) वाढला, पण त्याचं शिखर डीएमएच्या उंचवट्याच्या बरंच पुढे. फ्रिक्वेन्सी जास्त तर शिखर जास्त तापमानाला, हे ठरलेलंच. डीसीला फ्रिक्वेन्सीच नाही, म्हणून ही सवलतही नाही.

साध्या रिलेचं याने काही बिघडत नाही. सेन्सरच्या हाय इम्पीडन्स (खूप जास्त रोधाच्या) सर्किटला मात्र ही गळती नडेल.

दाणा १२० अंशांवर चार तास वाळवा, ओलावा ०.०२ टक्क्यांच्या आत हवा, नाहीतर साखळ्या तुटून भाग ठिसूळ होतो. मशीन थांबलं तर माल बॅरलमध्ये शिजत ठेवू नका. दोन्ही पॉलिएस्टर आपसात एस्टरची (साखळीतल्या जोडांची) अदलाबदल करतात आणि वितळणबिंदू घसरतो.

बॉडीसाठी पुन्हा हाच मागवणार. बॉबिनसाठी परत पीबीटीकडे जाण्यात अर्थ नाही, त्याचा टीजी आणखी खाली. पीपीएस या दुसऱ्या प्लास्टिकचे नमुने सांगितलेत. त्याचाही टीजी ९० च्या आसपासच, तेव्हा तोही आधी ओव्हनमध्ये जाणार.