हिप्पासा कोळी ओळखायला ७ ते ४५ पट स्टिरिओ मायक्रोस्कोप: आठ महिन्यांनंतर

गवतात नरसाळ्यासारखं जाळं विणणारे कोळी तपासायला हा मायक्रोस्कोप घेतला तर जीनस (प्रजाती) बिनबोभाट ठरतो, स्पीशीजसाठी (जातीसाठी) मात्र ४५ पट कमी पडतं.

महाराष्ट्रातल्या माळावर पहाटे दवाने चमकणारी सपाट चादर आणि टोकाला बोगदा दिसला की लोक अॅजेलेनिडी (नरसाळ्यासारखं जाळं विणणाऱ्या कोळ्यांचं कूळ) म्हणून मोकळे होतात. अनेकदा तो हिप्पासा असतो, म्हणजे लायकोसिडी, लांडगा कोळ्यांच्या कुळातला. फ्रेंच कोळीतज्ज्ञ सिमोनने १८८५ मध्ये हा जीनस केला. त्यातल्या एका स्पीशीजचं नावच अॅजेलेनॉइडिस, म्हणजे अॅजेलेनिडीतल्या 'अॅजेलेनासारखा'. तेव्हा गोंधळ आजचा नाही. मागचे स्पिनरेट (पोटाच्या टोकाचे, रेशीम सोडणारे अवयव) दोन्हींकडे लांब असतात, त्यांच्यावर विसंबू नका. डोळे बघा. १० पटीलाही कळतं: हिप्पासात खाली चार बारीक, त्यांच्या वर दोन मोठे, मागे आणखी दोन. अॅजेलेनिडीत चार-चारच्या दोन ओळी, आकार साधारण सारखे. नराच्या पाल्पच्या (तोंडाजवळच्या पायासारख्या अवयवाच्या) टिबिया या भागावर काटेरी उंचवटा असेल तर तो हिप्पासा नव्हे. मादीने अंडकोष स्पिनरेटला चिकटवून वागवला, तर प्रश्नच मिटला.

सोबतचा एलईडी रिंग लाइट कामाचा नाही. अल्कोहोलच्या पृष्ठभागावर त्याचं गोल प्रतिबिंब नेमकं एपिजाइनवर (मादीच्या पोटाखालच्या जननांगाच्या पट्टीवर) पडतं. बाजूने तिरपे दोन दिवे लावा. पेट्री डिशमध्ये धुतलेली बारीक वाळू घाला, कोळी त्यात रुतवून हवा तसा टेकवता येतो, आणि ७० टक्के अल्कोहोल तो पूर्ण बुडेल इतकं ओता. अर्धवट बुडालेल्या केसांवर बुडबुडे धरतात.

एपिजाइनची आतली बाजू बघायला २ पट जोडभिंग लागतंच. मग ९० पट मिळतं, पण कामाचं अंतर (भिंग आणि नमुना यांच्यातलं) सुमारे १०० मिमीवरून ३० च्या आसपास येतं आणि चिमटा भिंगाला आपटतो. एपिजाइन सुईने सोडवून, पाण्यातून काढून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवा आणि दर ५ मिनिटांनी तपासा. विसरलात तर आतल्या नळ्याही पारदर्शक होऊन दिसेनाशा होतात. त्याऐवजी लवंग तेल सौम्य, फक्त ७० टक्के अल्कोहोलमधून तुकडा थेट टाकला तर तेल दुधाळ होतं. आधी ९५ टक्क्यांत बुडवा. तुकडा त्याच कोळ्याच्या बाटलीत छोट्या कुपीत परत, चिठ्ठी पेन्सिलीने. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये पसरते.

अपरिपक्व मादी ९० पटीलाही स्पीशीज सांगणार नाही, तिथे भिंगाला दोष देऊ नये.

मापनासाठी मात्र वैताग. झूमच्या गोलाला टप्पे नाहीत, त्यामुळे नेत्रभिंगातली मोजपट्टी प्रत्येक वेळी स्टेज मायक्रोमीटरवर (ठराविक अंतराच्या रेघांच्या काचपट्टीवर) जुळवावी लागते. आम्ही २० आणि ४० वर रंगाच्या खुणा केल्या, तेवढ्यावर भागतं.

पावसाळ्यात भिंगांना बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, दाणे रंग बदलले की तापवून घ्या.