खुर्ची चोख, प्रेक्षक भलतेच : नागपुरातील एका को-वर्किंग जागेतील सहा महिने

स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले महिन्याचे पैसे भरून जिथे टेबल-खुर्ची घेतात, त्या अभ्यासिका नागपूरकरांना वेगळ्या सांगायला नकोत. या अभ्यासिकांच्या चालकांसाठी मी आणि माझी भागीदार एक ॲप तयार करतो. कोणती सीट कोणाकडे आहे, सकाळची पाळी कोणाची, कोणाची फी थकली आहे, एवढेच ते सांगते आणि फीची तारीख जवळ आली की व्हॉट्सॲपवर आठवण पाठवते. वर्षभर आम्ही हे काम घरच्या जेवणाच्या टेबलावर केले. जानेवारीत पश्चिम नागपुरातील एका को-वर्किंग जागेत, म्हणजे भाड्याने टेबल-खुर्ची देणाऱ्या सामायिक कार्यालयात, दोन खुर्च्या घेतल्या, आणि फेब्रुवारीत त्याच जागेचा ‘उद्योजक ते क्रिएटर’ नावाचा, सोशल मीडियासाठी व्हिडिओ करायला शिकवणारा बारा आठवड्यांचा कार्यक्रमही विकत घेतला. पुढे लिहिले आहे ते या दोन्हींबद्दल आहे, आणि दोन्हींबद्दलचे माझे मत एकसारखे नाही.

जागेचे नाव मी देत नाही. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी व्यवस्थापकांनी सुचवले होते की पाच ताऱ्यांचा अभिप्राय लिहिला तर पुढच्या महिन्याचे अर्धे भाडे माफ होईल. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये जे नियम सांगितले आहेत, त्यांनुसार असा लाभ घेऊन लिहिणाऱ्याने तो उघड करायला हवा. आम्ही तो घेतलाच नाही आणि सहाही महिने पूर्ण भाडे भरले. शिवाय माझी तक्रार मुख्यतः कार्यक्रमाबद्दल आहे आणि तशा स्वरूपाचे कार्यक्रम विकणारी ही एकच जागा नव्हे.

आधी खुर्चीबद्दल. एका खुर्चीचे महिन्याचे भाडे ५,५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ६,४९०, दोघांचे १२,९८०. आमचे ग्राहक असलेल्या अभ्यासिका महिन्याला ६०० ते १,२०० रुपये घेतात, त्यामुळे पहिला हप्ता भरताना आपण एका महागड्या अभ्यासिकेतच नाव घातले आहे, हा विचार मनात आल्याशिवाय राहिला नाही. परंतु जे मिळते ते चांगले मिळते. खुर्चीची पाठ कमरेला नीट आधार देते, टेबल हलत नाही, आणि दिव्याचा उजेड स्क्रीनवर परावर्तित होत नाही. इंटरनेटच्या दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या आहेत आणि एक बंद पडली की दुसरी आपोआप सुरू होते. जागा पाहायला जाणारे बहुतेकजण डाउनलोडचा वेग तपासतात; व्हिडिओ चढवणाऱ्याने अपलोडचा तपासावा, आणि तोही संध्याकाळी रिकाम्या हॉलमध्ये नव्हे तर सकाळी अकराला, सगळ्या खुर्च्या भरलेल्या असताना. इथे तो त्या वेळीही टिकला.

मे महिन्यात बाहेर पारा पंचेचाळिशीच्या आसपास असताना वीज गेली, की जनरेटर सुरू व्हायला साधारण पाऊण मिनिट लागते. तेवढा वेळ राउटर इन्व्हर्टरवर चालतो, त्यामुळे बोलणे तुटत नाही. ज्याने दुपारी दोन वाजता ग्राहकाला डेमो दाखवता दाखवता घरचा कूलर आणि वायफाय एकदम बंद पडताना पाहिले आहे, त्याला या पाऊण मिनिटाची किंमत कळेल. जागा मेट्रोच्या ॲक्वा मार्गिकेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आमचे बरेच ग्राहक नंदनवन आणि पूर्व नागपुरात असल्याने प्रजापती नगरच्या दिशेने बसले की सीताबर्डीला गाडी न बदलता पलीकडे पोहोचता येते, हा लाभ आम्ही जागा घेताना हिशेबात धरलाही नव्हता.

खटकणाऱ्या गोष्टी लहान आहेत. कॉन्फरन्स रूमची नोंद स्वागतकक्षामागच्या पांढऱ्या फळ्यावर मार्करने होते, आणि कोणाच्या तरी बाहीने नाव पुसले गेले की एकाच वेळी दोन मंडळी दारात उभी राहतात. आमच्यावर ही वेळ तीनदा आली. खाण्याच्या कोपऱ्यात ‘तर्री-पोहे कामाच्या हॉलमध्ये आणू नयेत’ असा छापील कागद लावला आहे. बंद एसीत तर्रीचा वास दिवसभर राहतो हे मान्य करूनही हा नियम सकाळी नऊ वाजता जड जातो.

नोंदणीच्या पत्त्याचे काम मात्र कौतुकास्पद झाले. सेवा विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर जाईपर्यंत सहसा जीएसटी नोंदणी बंधनकारक नसते, पण एका मोठ्या कोचिंग क्लासने कराचे बिल मागितल्याने आम्ही ती स्वेच्छेने घेतली. त्यासाठी लागणारा भाडेकरार, मालकाचे ना-हरकत पत्र आणि विजेचे बिल चार दिवसांत हाती आले. पाहणीला अधिकारी आले तर दाखवायला आमच्या नावाची आणि जीएसटी क्रमांकाची पाटीही त्यांनी दर्शनी भिंतीवर लावली. पहिल्या महिन्याचे बिल त्यांनी माझ्या वैयक्तिक नावाने काढले होते. तसेच राहिले असते तर भाड्यावर भरलेल्या कराचे इनपुट क्रेडिट, म्हणजे आम्हाला भरायच्या करातून त्याची वजावट, आम्हाला मिळाले नसते. दोनदा सांगितल्यावर दुरुस्ती झाली. अशी जागा घेणाऱ्याने पहिले बिल हातात पडताच त्यावरचे नाव आणि क्रमांक वाचून घ्यावा.

आता कार्यक्रमाबद्दल. फी १८,००० रुपये आणि कर धरून २१,२४०. माहितीपत्रकात तीन गोष्टींचे आश्वासन होते: आठवड्याला दोन रील, स्टुडिओचा वापर आणि अनुभवी मेंटॉर. मेंटॉर सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे, स्वतःच्या इन्स्टाग्राम पानावर दोन लाख फॉलोअर जमवलेले, आणि आपल्या कामात तरबेज आहेत, हे आधी लिहायला हवे. पहिल्या तीन सेकंदांत काय दाखवावे, आवाज बंद ठेवून पाहणाऱ्यांसाठी मराठी ओळी स्क्रीनवर कुठे टाकाव्यात, चेहरा खिडकीकडे का असावा, हे त्यांनी जितक्या नेमकेपणाने शिकवले तितके मला दुसरीकडे मिळाले नसते. प्रत्येक सत्रात ते ‘फिजिक्सवाला’ या शिकवणी कंपनीच्या अलख पांडे यांचे उदाहरण देत: आधी यूट्यूबवर वर्षानुवर्षे शिकवून विद्यार्थी जोडले, २०२० मध्ये ॲप आणले आणि २०२२ मध्ये दहा कोटी डॉलरची गुंतवणूक घेऊन कंपनी युनिकॉर्न, म्हणजे अब्ज डॉलरहून अधिक मूल्याची, झाली. आधी प्रेक्षक, मग उत्पादन, हा त्यांचा मंत्र होता.

उदाहरण खरे आहे, पण त्यातली एक गोष्ट बारा आठवड्यांत एकदाही बोलली गेली नाही. फिजिक्सवालाचा व्हिडिओ पाहणारा विद्यार्थीच त्या कंपनीचा ग्राहक होता. शेअर खरेदी-विक्रीची सेवा देणाऱ्या झेरोधाने गुंतवणूक शिकवणारे धडे मोफत दिले, तेव्हा ते वाचणारा माणूस उद्याचा खातेदार होता. आमच्या धंद्यात अभ्यासिकेत बसणारा मुलगा एक आणि ॲपचे पैसे देणारा चालक दुसरा. तुमचे पैसे कोण देणार, हा प्रश्न मेंटॉरनी आम्हाला विचारला नाही, आणि आम्हीही, पहिल्यांदाच कोणीतरी आपल्या कामात रस घेत आहे या आनंदात, स्वतःला विचारला नाही.

चौथ्या आठवड्यात एक रील चालली. पहाटे साडेपाचला अभ्यासिकेच्या बंद दारासमोर दप्तरांची रांग आणि दप्तरांचे मालक समोरच्या टपरीवर चहा पीत उभे, एवढेच दृश्य होते. ती १,१४,००० वेळा पाहिली गेली, आमचे फॉलोअर ६,३०० झाले आणि हॉलमध्ये केक कापला गेला. त्यानंतरच्या आठ दिवसांत आलेले तीनशे चाळीस संदेश माझ्या भागीदारीणीने एकेक करून वाचले. “दादा, नंदनवनात सीट मिळून जाईल का?” “मुलींसाठी वेगळा हॉल आहे का?” “कूलर आहे की एसी?” साताऱ्याहून एका वडिलांनी फोन करून मुलाच्या राहण्या-जेवणाचीही चौकशी केली. लोकांनी आम्हाला अभ्यासिका समजले होते, आणि त्यांचा काही दोष नव्हता; रीलमध्ये तेच दिसत होते. तीनशे चाळिसांत अभ्यासिका चालवणारे दोघे निघाले. त्यांतल्या एकांना शेजारचा किती फी घेतो एवढेच जाणून घ्यायचे होते.

याच सुमारास नंदनवनातील एका चालकाकडे आम्ही बसलो होतो. त्यांच्या टेबलावर तीन रजिस्टरे होती: निळ्या शाईत भरलेली फी, लाल शाईत थकलेली, आणि तिसऱ्यात, पेन्सिलीने, जी मुले न सांगता गेली त्यांची नावे. पेन्सिल का, असे विचारल्यावर ते म्हणाले, “काही परत येऊन राहिले ना भाऊ, मग खोडता येते.” त्या पेन्सिलीवरून आम्हाला सुचले, आणि फी थकलेल्या मुलाची सीट किती दिवसांनी रिकामी धरायची, त्याला संदेश कोणत्या शब्दांत पाठवायचा, तो परत आला तर जुनी बाकी कशी मांडायची, यावर नऊ मिनिटांचा व्हिडिओ आम्ही तिथेच, त्यांच्या टेबलावर, डोक्यावरच्या पंख्याच्या आवाजासकट केला. तो ४१२ वेळा पाहिला गेला. कार्यक्रमाच्या आठवडी तक्त्यात त्याच्यासमोर लाल खूण आली आणि पुन्हा एवढे लांब काही करू नका असा शेरा मिळाला.

त्या व्हिडिओची लिंक चालकांच्या व्हॉट्सॲप गटात फिरली. पुढच्या दोन महिन्यांत अकरा अभ्यासिका आमच्याकडे आल्या. प्रत्येक नव्या ग्राहकाला आमची माहिती कुठून मिळाली हे आम्ही विचारतो, म्हणून आकडा खात्रीने सांगतो. महिन्याला ४९९ रुपयांप्रमाणे अकरांचे ५,४८९ होतात. एका खुर्चीच्या करापूर्वीच्या भाड्याला अकरा रुपये कमी पडतात.

कार्यक्रमात यूट्यूबच्या जाहिरातींतून होणाऱ्या कमाईबद्दलही फार मोठी आशा दाखवली गेली. जाहिरातींतला वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तासांचे पाहणे, किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सचे, म्हणजे यूट्यूबवरच्या छोट्या व्हिडिओंचे, एक कोटी व्ह्यूज लागतात, आणि शॉर्ट्सच्या फीडमध्ये पाहिलेला वेळ त्या ४,००० तासांत धरला जात नाही. दर आठवड्याला दोन छोटे व्हिडिओ करणाऱ्या नवख्या चॅनलला बारा आठवड्यांत यातले काय साधणार, हे गणित पहिल्याच सत्रात फळ्यावर मांडायला हवे होते.

कायदा आणि निधी यांवरचे सत्र सर्वांत कच्चे झाले. स्टार्टअप इंडियाची मान्यता मिळाली की तीन वर्षे आयकर लागत नाही, असे तिथे सांगितले गेले. प्रत्यक्षात मान्यता ही पहिली पायरी आहे. आयकराची सवलत वेगळा अर्ज करून आंतरमंत्रालयीन मंडळाकडून मिळवावी लागते, ती प्रायव्हेट लिमिटेड कंपनी किंवा एलएलपीलाच (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीलाच) मिळते, आणि तीन वर्षे म्हणजे पहिल्या दहापैकी आपण निवडलेली सलग तीन. आमच्यासारख्यांना नफाच नसल्याने करमाफीचे तूर्त अप्रूप नाही, पण शेजारच्या खुर्चीवरचे दोघे साधी भागीदारी संस्था नोंदवून त्याच भरवशावर बसले होते. तसेच दारावरच्या पाटीवर ‘इनक्युबेटर’, म्हणजे नव्या उद्योगांना उभे राहायला मदत करणारी संस्था, असा शब्द आहे, तोही वाचणाऱ्याची दिशाभूल करतो. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ९४५ कोटींच्या केंद्रीय बीजनिधी योजनेत अनुदान २० लाखांपर्यंत मिळू शकत होते, पण ते निवडलेल्या इनक्युबेटरांमार्फत. भाड्याने टेबल देणाऱ्या जागेचा त्याच्याशी संबंध येत नाही. ज्याला तसा आधार हवा आहे त्याने मिहानमधील आयआयएम नागपूरच्या उद्योजकता केंद्रासारख्या ठिकाणी चौकशी करावी.

स्टुडिओबद्दल थोडक्यात: दोन बाजूंना काच आहे, आवाज घुमतो, आणि रस्त्यावरच्या ऑटोचा हॉर्न प्रत्येक टेकमध्ये येतो. माइक उत्तम आहे, म्हणून हॉर्नही उत्तम येतो.

एकूण, खुर्चीला मी पाचपैकी साडेचार गुण देतो आणि कार्यक्रमाला दोन. त्यांतला दीड मेंटॉरनी शिकवलेल्या चित्रीकरणाच्या कसबाचा आहे. ज्याचा ग्राहक रील पाहतो, म्हणजे कपडे, मसाले, दागिने किंवा शिकवणी विकणाऱ्याला, कार्यक्रमाचा उपयोग आमच्यापेक्षा जास्त होईल. आमच्याच तुकडीतील संत्राबर्फी घरून विकणाऱ्या मुलीला तो झालाही.

जूनच्या शेवटी आम्ही दोनपैकी एक खुर्ची सोडली. आता एकजण टेबलावर बसतो आणि दुसरा अभ्यासिकांच्या फेरीवर असतो. व्यवस्थापक फळ्यावरून आमचे दुसरे नाव पुसत होते, तेव्हा त्यांच्या बाहीने खालच्या कॉन्फरन्स रूमच्या नोंदीही पुसल्या गेल्या. त्यांनी मार्कर उघडला, फळ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे वळून विचारले, “भाऊ, तुमचं ते सीटवालं ॲप आपल्या इथे चालून जाईल का?” डेमो येत्या मंगळवारी आहे, त्यामुळे या जागेबद्दल यापुढे मी काही लिहिणे योग्य होणार नाही.