घरातलं माणूस गेल्यावर भुताच्या घराची कादंबरी वाचायची असेल तर: हिल हाउस की हेन्ड्रिक्स?

घरातलं माणूस गेलेलं असताना भयकादंबरी कशाला वाचायची, असं दादरच्या आमच्या वाचनकट्ट्यावर कोणी ना कोणी विचारतंच. मला वाटतं, त्या दिवसांत भुताच्या घराची चांगली कादंबरी सांत्वनपर पुस्तकापेक्षा जास्त खरं बोलते. गेलेल्याबद्दलचा राग, सुटल्यासारखं वाटणं, वाटणीवरून झालेली चिडचिड या गोष्टी भेटायला आलेल्यांसमोर बोलता येत नाहीत. इथे त्या भिंती ठोकत बाहेर येतात.

कट्ट्यावर अलीकडे दोन पुस्तकांवरून खडाजंगी झाली: शर्ली जॅक्सनची ‘द हाँटिंग ऑफ हिल हाउस’ (१९५९) आणि ग्रेडी हेन्ड्रिक्सची ‘हाउ टू सेल अ हाँटेड हाउस’ (२०२३). दोन्हींतलं एक निवडायचं असेल तर गेलेल्या माणसाशी तुमचं नातं काय होतं, त्यावर निवडा. शेवट मी कुठलाच फोडत नाही.

हेन्ड्रिक्सचं कथानक मुंबईकराला समजावून सांगावं लागत नाही. आईवडील अपघातात जातात. लुईस सॅन फ्रान्सिस्कोहून माहेरी, चार्ल्स्टनला येते. धाकटा भाऊ मार्क तिथेच राहिलेला, त्याचं कुठेच धड बस्तान बसलेलं नाही. त्याला घर विकून मोकळं व्हायचंय आणि सामान उचलायला माणसंही बोलावून झालीत. घरभर आईच्या बाहुल्या, तिने केलेल्या हातात घालायच्या कठपुतळ्या, आणि पोटमाळ्याचं दार खिळे ठोकून बंद केलेलं. बोरिवलीहून येणाऱ्या एका वाचक बाईंच्या माहेरच्या खोलीचं हक्कसोडपत्र नुकतंच झालं होतं. त्या म्हणाल्या, बाहुल्यांचं काही वाटलं नाही, पण बहीणभावाची भांडणं वाचताना छातीत धडधडलं.

बाणगंगेवर दहाव्याला पिंड ठेवून ताटकळलेल्या माणसाला हे पुस्तक लगेच उमगेल. कावळा शिवत नाही. मग कोणी पुढे होऊन म्हणतं, “धाकट्याला अंतर देणार नाही.” कोणी म्हणतं, “घराचं तुमच्या मनासारखं करू.” गेलेल्याचं काय राहिलंय ते ओळखून मोठ्याने बोलावं लागतं, आणि ओळखायचं तर भावंडांनी आधी एकमेकांशी बोलावं लागतं. लुईस आणि मार्कला तेच जमत नाही. दोघांना आपलं बालपणही वेगवेगळं आठवतं. माझ्या मते कादंबरीचा जीव त्या दोन आठवणींमधल्या अंतरात आहे, आणि तिथे हेन्ड्रिक्स फार प्रामाणिक आहे.

नापसंतीही जोरदार होती. भूत अंगावर यायला वेळ लागतो, सुरुवातीला नुसती तणतण आहे, असं तरुण मंडळी म्हणाली. बाहुल्या काहींना हास्यास्पद वाटल्या, तर काहींनी पुस्तक रात्री दुसऱ्या खोलीत ठेवलं. मधला मार्कचा जुना किस्सा लांबतो, हे मलाही मान्य. एक आक्षेप मात्र वजनदार आहे. कादंबरीचे भाग नकार, संताप, सौदेबाजी, विषाद, स्वीकार या पाच पायऱ्यांवर बेतलेत. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९मध्ये या पायऱ्या मांडल्या, त्या मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांचं दुःख असं ओळीने येत नाही. पण कथा रंगायला लागली की पायऱ्यांची नावं आपण विसरतो, म्हणून मी हा दोष पुस्तकावर फारसा धरत नाही.

आता ‘हिल हाउस’. एलिनॉर बत्तीस वर्षांची, त्यातली अकरा वर्षं आजारी आईच्या सेवेत गेलेली. आई गेली, आणि डॉक्टर माँटेग्यू नावाच्या संशोधकाच्या पत्राने ती या पछाडलेल्या वाड्यात काही दिवस राहायला येते. पहिल्यांदा रात्री भिंतीवर ठोकल्याचा आवाज येतो तेव्हा अर्धवट झोपेतली एलिनॉर म्हणते, आले आई, आले. मग दिवा शोधताना तिच्या लक्षात येतं की आई तर गेली. पुढे ती कबूल करते: आईने त्या शेवटच्या रात्री भिंत ठोकून बोलावलं होतं आणि मी उठले नाही. की जाग आली होती, आणि मी पुन्हा झोपले?

तो प्रश्न जॅक्सन तसाच सोडून देते. ज्याने अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं वर्षानुवर्षं केलंय, बेल वाजल्यावर क्षणभर पडून राहिलाय, त्याला हा परिच्छेद पुरेल. परळच्या एका निवृत्त परिचारिका कट्ट्यावर सहसा बोलत नाहीत. याच पानाबद्दल मात्र त्या बराच वेळ बोलल्या, आणि अख्खं पुस्तक या पानासाठी वाचावं, असं म्हणाल्या.

‘काहीच घडत नाही’ ही या पुस्तकाबद्दलची नेहमीची तक्रार. ती मला पटत नाही. दारं आपोआप मिटतात, खोल्यांचे कोन चुकलेले आहेत, अंधारात हातात धरलेला हात कोणाचा होता ते कळत नाही. घडतं भरपूर, पण त्यातलं घराने किती केलं आणि एलिनॉरने किती, हे ठरवू दिलं जात नाही. नारायण धारपांवर पोसलेल्या वाचकाला इथे अडखळायला होतं. त्यांच्या भयकथांत नायक समर्थ येतात, अभद्राला तोंड देतात, आणि आपण निश्चिंत झोपतो. हिल हाउसमध्ये असं कोणी येत नाही. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा आवडणाऱ्यांची वाट जास्त सोपी आहे. त्यांना माणसाच्या मनातूनच भीती उगवण्याची सवय असते.

भाषेचंही पाहा. हेन्ड्रिक्सचं इंग्रजी सरळ, साधारण चारशे पानं, लोकलमध्ये उभ्याने वाचता येतात. जॅक्सनचं पुस्तक त्याच्या जवळपास निम्मं, पण वाक्यं सावकाश वाचावी लागतात, नाहीतर भीती हातून निसटते.

तेव्हा: आईवडील गेलेत, घर रिकामं करायचंय, भावंडांशी धुसफूस चालू आहे, तर हेन्ड्रिक्स घ्या. रक्त आणि जखमा सोसत नसतील तर मात्र नको, शेवटाकडे त्या बऱ्याच आहेत. तुम्ही एकट्याने कोणाची सेवा केली असेल आणि काही महिने उलटले असतील, तर जॅक्सन. ताज्या दुःखात, विशेषतः एकटे राहत असाल तर, ती हातात घेऊ नका. एलिनॉरचं एकटेपण फार जवळ येऊन बसतं.

मूल गमावलेल्यांना कोणीतरी टोनी मॉरिसनची ‘बिलव्हेड’ (१९८७) सुचवतंच. गुलामगिरीतून पळालेली आई, तिने गमावलेली लेक आणि सिनसिनाटीतलं पछाडलेलं घर. तिघींत सर्वांत थोर कादंबरी हीच. पण ती या निवडीत धरू नका. ती त्या इतिहासासाठी, वेळ काढून, वेगळी वाचा.