‘२१ दिवसांत पोटाची फट बंद’ : मी कशी फसले

बाळ चार महिन्यांचं झालं तरी पलंगावरून सरळ उठायला गेले की बेंबीच्या वर, पोटाच्या अगदी मधोमध एक लांबट उंचवटा वर यायचा. हात लावला तर मऊ, आणि दोन्ही बाजूंना स्नायूंच्या कडा स्पष्ट लागायच्या. बाळंतपणानंतरच्या तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं होतं की पोटाचे स्नायू फाकलेत, याला डायस्टॅसिस रेक्टाय म्हणतात, घाबरण्यासारखं काही नाही, पण फिजिओथेरपिस्टला दाखवून घ्या. मी आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. बाळाला सोडून घराबाहेर पडणंच होत नव्हतं. मोबाइल मात्र रात्री पाजताना हातात असायचाच, आणि तिथेच ती जाहिरात दिसली : २१ दिवसांत फट बंद, नाहीतर पैसे परत.

व्हिडिओ कॉलवर एक बाई आल्या. स्वतःला बाळंतपणानंतरच्या फिटनेसच्या तज्ज्ञ म्हणवत होत्या. कुठे शिकल्या, हे मी विचारलं नाही. त्यांनी मला उताणं झोपवलं, गुडघे वाकवायला लावले. ‘डोकं खालीच राहू द्या. पोट एकदम सैल सोडा. आता बेंबीवर बोटं आडवी ठेवून दाबा. किती बोटं आत जातात?’

साडेतीन.

त्या क्षणभर गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘ताई, सहा महिने उलटले की हे कायमचं होतं. मग ऑपरेशनशिवाय इलाज नाही. तुमच्याकडे दोनच महिने आहेत.’ रात्रीचे दोन वाजले होते, बाळ मांडीवर होतं. त्याच रात्री मी पैसे भरले.

घरी एक करकचून बांधायचा पट्टा आला आणि पोटाला लावून बारीक झटके देणारं एक यंत्र. पट्टा दिवसाचे बारा तास. सोबत व्यायामाचे व्हिडिओ, त्यात क्रंचेस आणि प्लँक भरपूर. क्रंच मारताना तो उंचवटा आणखीच टोकदार व्हायचा. मी विचारलं, तर उत्तर आलं, ‘स्नायू जागे होतायत, चांगलं लक्षण आहे.’ दुसऱ्या आठवड्यात शिंकताना लघवी गळायला लागली. तेही मी अंगावर काढलं, कारण २१ दिवस पूर्ण केले नाहीत तर पैसे परत मिळणार नव्हते.

एकविसाव्या दिवशी पुन्हा कॉल. आणि सगळी लबाडी या कॉलमध्ये होती, म्हणून नीट वाचा. ‘आता डोकं आणि खांदे वर उचला, हनुवटी छातीकडे. बोटं बेंबीच्या जरा खाली ठेवा. किती?’

दीड.

मला रडूच आलं. त्यांनी तो कॉल रेकॉर्ड केला होता. माझं ते रडणं नंतर त्यांच्या जाहिरातीत लागलं, मला न विचारता.

पण आरशात पोट तसंच होतं. शेवटी बाळाला कडेवर घेऊनच फिजिओथेरपिस्टकडे गेले. त्यांनी आधी मला आडवं करून पोट सैल असताना बेंबीपाशी मोजलं. साडेतीन. मग डोकं उचलायला लावून बेंबीच्या खाली मोजलं. दीड. मधे पाच मिनिटंसुद्धा गेली नव्हती.

त्यांनी समजावलं ते असं. पोटाचे दोन उभे स्नायू मधल्या एका पट्टीने जोडलेले असतात, तिला लिनिया अल्बा म्हणतात. गर्भाशय वाढतं तशी ही पट्टी ताणते. शेवटच्या आठवड्यांत जवळजवळ प्रत्येकीची ताणलेली असते. डोकं उचललं की स्नायू आवळतात आणि बहुतेक वेळा कडा जवळ येतात. शिवाय अंतर बेंबीच्या आसपास सहसा जास्त असतं, खाली कमी. म्हणजे पहिल्याच दिवशी दुसऱ्या पद्धतीने मोजलं असतं तरी दीडच आलं असतं.

सहा महिन्यांची भीतीही खोटी निघाली. नॉर्वेतल्या ३०० बायकांच्या एका अभ्यासात बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ६० टक्के जणींच्या स्नायूंत फट होती, सहा महिन्यांनी सुमारे ४५ टक्के आणि वर्षाने सुमारे ३३ टक्के. म्हणजे सहा महिन्यांनंतरही फरक पडत राहतो. हे त्या रात्री कुणी सांगितलं असतं तर मी निदान सकाळपर्यंत थांबले असते. आणि जाहिरातीतले ते आधीचे-नंतरचे फोटो? पहिल्या काही आठवड्यांत पोट आपोआपच बरंच आत जातं, कुठलाही पट्टा न बांधता. श्वास आत ओढून फोटो काढला तर तेवढंही थांबावं लागत नाही.

पट्ट्याने आधार मिळतो, पण स्नायूंचं काम पट्टा करत नाही, असं फिजिओंनी सांगितलं. क्रंचेस तूर्त बंद केले. श्वास सोडताना ओटीपोट हळू आत घ्यायचं, त्याच वेळी लघवी रोखून धरल्यासारखा खालचा भाग आवळायचा, एवढ्यावरच पहिले काही आठवडे गेले. मग टाच जमिनीवरून सरकवणं, मग कंबर उचलणं. पलंगावरून उठताना आधी कुशीवर वळून हाताचा आधार घ्यायचा. उंचवटा दिसला की तो व्यायाम सोपा करायचा. बेंबीपाशी दुखरी गाठ लागली तर लगेच सांगा, हर्निया आहे का बघावं लागेल, हेही त्यांनी बजावलं. त्या बाईंनी हर्नियाचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

पैसे परत मागितले तेव्हा उत्तर आलं, ‘तुमचंच रेकॉर्डिंग आहे, ताई. दीड बोट तुम्हीच म्हणालात.’ मी पैसे भरल्याची पावती, हमीचा स्क्रीनशॉट आणि फिजिओंचा लेखी अहवाल जोडून ग्राहक तक्रार केली आहे. रेकॉर्डिंग काढून टाका असं तीनदा लेखी कळवल्यावर ते निघालं. पैसे अजून आलेले नाहीत.

आता माझ्या वहीत दर महिन्याला एक ओळ असते : उताणी, गुडघे वाकवून, डोकं खाली, बेंबीच्या दोन बोटं वर. दर वेळी हीच जागा, हीच पद्धत. परवा अडीच आलं. बोटांखाली आता मऊ खड्डा लागत नाही, ताणलेल्या कापडासारखं काहीतरी लागतं, आणि शिंक आली तर मी घाबरत नाही.